चोथासर

शेवग्याची शेंग चघळून झाली की माणसं चोथा ताटाच्या कडेला टाकतात. आमचे सर तो उचलून न्याहाळतात. कृषी महाविद्यालयातल्या पोरांनी त्यांना 'चोथासर' नाव ठेवलंय, त्यात अन्याय काहीच नाही.

कडबा आणा, पाचट आणा, तुराट्या-पऱ्हाट्या आणा. सर ते वाळवून दळणार. मग सॉक्स्लेट लावून त्यातलं तेल, मेण काढणार. फ्रान्झ फॉन सॉक्स्लेटनं 1879 साली दुधातली चरबी मोजायला काढलेलं हे काचेचं उपकरण सरांच्या फार उपयोगी पडतं. द्रावक उकळतो, वर जाऊन थंड होतो, नमुन्यावर ठिबकतो, नळी भरली की भसकन खाली उतरतो, असं तासन्‌तास. मेव्हण्याची मुंज असो की स्टाफ मीटिंग, "सॉक्स्लेट लावलंय" म्हटलं की सर सुटले.

खरी पूजा त्यानंतर. 72 टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तासभर ढवळायचं, पाणी घालून ॲसिड 4 टक्क्यांवर आणायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर पुन्हा तासभर. एवढा छळ सोसून तळाशी जे काळंकुट्ट उरतं, ते लिग्निन. राखेचं वजन वजा करून सर आकडा लिहितात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आदर असतो, तो प्राचार्यांच्या वाट्याला कधी आलेला नाही.

त्या ॲसिडानं सरांच्या प्रत्येक शर्टाला पोटाशी बारीक भोकं पाडलीत. काकू करवादल्या की सर शर्ट उजेडात धरून शांतपणे सांगतात, "कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, तो कसा टिकणार? गोणपाटाचा शिवला असता तर थोडा तरी तग धरला असता. तागात लिग्निन असतं."

बाजारात तर त्यांच्याबरोबर जाऊच नये. कोबीचा गड्डा हातात घेऊन म्हणाले, "मावशी, यात नव्वद टक्क्यांवर पाणी आहे. मी कोरड्या वजनाचे पैसे देईन."

"द्या की," मावशी म्हणाली, "फक्त पाणी इथं ठेवून जावा."

मध्यंतरी एक शेतकरी ज्वारीच्या कडब्याची पेंढी घेऊन आला. म्हैस पानं तेवढी ओरबाडते, धाटं गव्हाणीत तशीच. सरांनी आठवडाभर खपून, प्रत्येक चाचणी दोनदा म्हणजे 'डुप्लिकेट' करून, दोन दशांशांपर्यंत अहवाल दिला: कापणीला उशीर झाला, धाटं जून झाली, लिग्निन वाढलं, ते तर पचत नाहीच, भोवतीचं सेल्युलोजही पचू देत नाही.

शेतकऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, हे म्हशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सरांना राग आला नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "डुप्लिकेट केलं होतं का तिनं?"