हजेरीपट

५ सप्टेंबर उजाडला की माझ्या फोनमध्ये गुरूंची अशी दाटी होते की त्यापुढं आषाढीचं पंढरपूर मोकळं वाटावं. समया, कमळं आणि फुलांच्या चौकटीत राधाकृष्णन. १९६२ पासून त्यांच्या वाढदिवसाला देशभरातले मास्तर आठवले जातात, म्हणून मीही चौथीच्या गुरुजींना आठवायला बसतो आणि दरवर्षी ओशाळतो. भागाकार त्यांनीच शिकवला असणार, कारण मला तो येतो. नद्यांची नावंही त्यांनीच पाठ करून घेतली असणार. पण त्यातलं एक वाक्य त्यांच्या आवाजात ऐकू येईल तर शपथ. ऐकू येते ती फक्त हजेरी.

आमचं सोनपेठ तेव्हा तालुक्याचं गाव झालं नव्हतं. वाण नदी, तिच्या दोन्ही अंगांना काळी माती, आणि नावात सोनं असूनही ते फक्त लग्नाकार्यात दिसायचं, तेही पुष्कळदा मागून आणलेलं. आम्ही तरटाच्या पट्ट्यांवर बसत असू. गुरुजी सायकल भिंतीला टेकवायचे, पायजम्याला लावलेला चाप काढून खिशात टाकायचे, खुर्चीवर बसून हजेरीपट उघडायचे आणि पहिलं नाव घ्यायचे. आम्ही 'हजर' म्हणायचो. आजोबांच्या काळी इथं निजामाचं राज्य, वरच्या वर्गांत उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण आलं, निजामाचं राज्य गेलं. हजर, गैरहजर आणि हजेरी मात्र त्या पटातून उठून जायला तयार झाले नाहीत. आम्हांला ते शब्द आमच्याच आजीच्या माहेरचे वाटत.

दिवाळी झाली की वर्गाला भोकं पडायची. दुधाचे दात पडलेल्या पोरानं हसावं तसा वर्ग दिसे. ऊसतोडीला जाणाऱ्या माय-बापांबरोबर पोरंही जात. त्या धंद्याचं गणित आमच्या पुस्तकापेक्षा निराळं. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत 'एक कोयता', आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता'. पुस्तकात एक अधिक एक दोन होत, वहीत एकच. पोरांचा आकडा तर कुठल्याच रकान्यात नसे. ती आपली गाडीत भांड्याकुंड्यांवर बसून जायची आणि तिकडं कोपीपाशी धाकटी भावंडं सांभाळायची. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असे, ती फिटेस्तोवर आणि हंगाम संपून पट्टा पडेस्तोवर परत येणं नाही. पट्टा पडायचा तो थेट उन्हाळ्याच्या तोंडी.

तर त्या गेलेल्या पोरांची नावं गुरुजी रोज घ्यायचे. नुसती घ्यायचे नाहीत, थांबायचेही. आडात पोहरा सोडल्यावर तो पाण्याला लागल्याचा आवाज येईस्तोवर माणूस कान देऊन उभा राहतो, तसे. आवाज यायचा नाही. मग लाल शाईनं गैरहजेरी मांडून पुढचं नाव. एकदा अशाच एका थांबण्यात दाराशी आलेली शेळी ओरडली आणि सगळा वर्ग खदखदला. गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, म्हणाले, "तुझं नाव पुढच्या वर्षी," आणि पुन्हा पटात डोकं घातलं.

माझ्या शेजारची जागा १७ नंबरची. मी १८. त्याच्या नावामागून माझं नाव येई, म्हणून ती शांतता सगळ्यांत जास्त माझ्या वाट्याला आली. एक दिवस मला ती सोसेना. मी म्हटलं, "गुरजी, त्ये तर कारखान्यावर गेलंय. रोज काहून नाव घेता?" गुरुजींनी दौतीचं बूच लावलं. "अरे, नाव फार दिवस कुणी घेतलं नाही तर गंजतं," म्हणाले आणि माझं नाव घेतलं. मी 'हजर' म्हणालो तो जरा घाबरतच. त्या दिवशी घरी गेल्यावर आईला मला दोनतीनदा हाक मारायला लावली, एवढं आठवतं.

मराठवाड्यात मास्तर मंडळी तशी साधी नव्हेत. स्वामी रामानंद तीर्थ निजामाशी लढण्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते, पुढं अंबाजोगाईलाही शिकवलं. नांदापूरचे नरहर कुरुंदकर, त्या वेळच्या आमच्याच परभणी जिल्ह्यातले, इंटरला पुन्हापुन्हा नापास झाले आणि तरी मराठवाड्याचे गुरुजी ठरले. ही दुसरी गोष्ट आमचे गुरुजी निकालाच्या दिवशी हमखास सांगत. तिचा परिणाम इतका चांगला झाला की आमच्यातला एक जण दोनदा नापास होऊन तिसऱ्या वर्षाकडं मोठ्या आशेनं पाहू लागला. आमच्या गुरुजींनी मात्र लढा दिला नाही, ग्रंथ लिहिला नाही. सायकलची चेनसुद्धा त्यांना धड बसवता येत नसे; ती आम्ही बसवायचो आणि हात काळे झाले म्हणून शुद्धलेखनातून सुटायचो. चेन इतक्या वेळा कशी पडते, याचा संशय मला अलीकडं येऊ लागलाय.

१७ नंबर एप्रिलात परतला. रापलेला, हातावर पाचटाचे ओरखडे. गुरुजींनी नाव घेतलं. तो गप्प. पुन्हा घेतलं. तो इकडंतिकडं पाहू लागला, जणू दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. मी कोपरानं ढोसलं तेव्हा कुठं 'हजर' आलं, आणि तेही इतकं बारीक की आडाचं पाणी फारच खोल गेलं असावं. गुरुजींनी त्याच्या नावापुढं त्या महिन्याची पहिली निळी खूण केली. वार्षिक परीक्षेला दोन आठवडे उरले होते.

मागच्या दिवाळीत तो मला सोनपेठच्या बसस्थानकावर भेटला. केस पांढरे, पण ओरखडे अजून तिथंच. गुरुजींचा विषय मीच काढला. त्याला त्यांच्या डब्यातला शेंगदाण्याचा ठेचा आठवत होता, सायकल आठवत होती, शेळीची गोष्ट ऐकूनच माहीत होती. हजेरीचं म्हणाल तर काहीच नाही. आठवणार कसं? ज्याच्यासाठी ती हाक होती तो तेव्हा दोनशे-तीनशे किलोमीटरवर वाढे गोळा करत होता. ऐकली ती आम्ही, ज्यांना तिची काही गरज नव्हती.

मग मी त्याला सगळं सांगितलं. तो पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत ऐकत राहिला.

"रोज घ्यायचे?"

"रोज. ऐतवार सोडून."

"आन् तुमी काय म्हनायचे, लेका?"

"काहीच नाही."

गंगाखेडची गाडी लागली होती. तो खिडकीशी बसला.