ढेकरांचे ग्रेडर

पांढरकवड्याला आमच्या शेजारचे काका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, चिमटीत धरून ओढायचा, धागा बघायचा आणि एफएक्यू म्हणजे चांगल्या प्रतीचा की कवडी म्हणजे हलका, ते तिथल्या तिथे सांगून मोकळं व्हायचं. त्या चिमटीकडे डोळे लावून बैलगाड्या रात्र रात्र रांगेत उभ्या राहायच्या. रिटायर झाले आणि चिमटी रिकामी पडली. मग कुठल्याशा व्हिडिओत त्यांना कळलं, की पोटातलं आम्लही घरच्या घरी तपासता येतं.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला काका अनशापोटी ओट्यावर येऊन बसतात. पेलाभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा (काकूंच्या भज्यांचाच) ढवळून पितात, मोबाइलवर वेळ लावतात आणि ढेकराची वाट बघतात. सोड्याची जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड होतो आणि वर येतो. दोन-तीन मिनिटांत आला तर आम्ल भरपूर, पाच मिनिटांतही नाही आला तर कमी, असा हा हिशेब.

दूधवाला कॅन टेकवून विचारतो, “आला काय जी?”

“थांब ना बे! तीन मिनिटं झाले फक्त.”

ढेकर आला की वहीत नोंद होते : तारीख, वेळ, प्रत, ओलावा. ओलाव्याचा रकाना जुन्या सवयीने आखला गेलाय. त्यात काका काय भरतात हे विचारायची माझी छाती झालेली नाही.

घोळ एवढाच, की सोमवारी एक मिनिट पन्नास सेकंदांत एफएक्यू ठरलेलं पोट मंगळवारी सहा मिनिटांनी कवडीत गेलं. काकांनी दोष सोड्याला दिला. “भेसळ आहे!” यवतमाळला मेडिकलला शिकणारा भाचा सुट्टीत आला, तो म्हणाला, “मामा, तुम्ही वाट पाहता पाहता सारखे बोलता, तेवढी हवा गिळता. चमचा कधी सपाट, कधी शिगोशीग. यानं काहीच मोजल्या जात नाही. खरंच मोजायचं तं नाकातून बारीक नळी आत सोडा लागते. उपाशी पोटाचा पीएच दीड ते साडेतीनच्या आसपास असते.” नाक म्हटल्यावर काकांनी नाक मुरडलं. भाच्याचं पुढचं वाक्य मात्र काकूंनी पकडलं : पाव चमचा सोड्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. “बीपीपायी मी वरणात मीठ मोजून टाकतो, अन् हे सकाळी उठून सोडा पेतात!” त्या दिवशी डबा तांदळाच्या कोठीत गेला.

सोडा गेला तरी ग्रेडर कुठे जातो? आता काका दुसऱ्यांचे ढेकर तपासतात. मारुतीच्या देवळात रोडग्यांची पंगत होती. वांग्याच्या भाजीत तर्री तरंगत होती आणि पंगतभर माणसं तोंडावर रुमाल धरून ढेकर दाबत होती. न जाणो, चारचौघांत कवडी निघाला तर!

परवा त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना बोमाँट डॉक्टरची गोष्ट सांगितली. १८२२ साली अमेरिकेत एका तरुणाला अगदी जवळून गोळी लागली. माणूस जगला, पण पोटाचं भोक काही बुजलं नाही. बोमाँटने त्या भोकातून मांसाचे, पावाचे तुकडे दोऱ्याला बांधून थेट जठरात सोडले, ठरावीक वेळाने ओढून बघितले आणि १८३३ साली सगळं पुस्तकात छापलं.

“भोकाची सोय होती ना बाप्पा त्याले!” काका हळहळले. मग थोडा वेळ गप्प बसले. “दोरा कायचा होता?”

“रेशमाचा.”

काकांची चिमटी हवेतच हलली, काहीतरी ओढून पाहिल्यासारखी.

“रेशमाचा कायले? आपल्या इकडचा लांब धाग्याचा कापूस मेला होता काय?”