पहिली खेळी पाहुण्यांची

गल्लीतल्या बुद्धिबळ क्लबाच्या मैत्रीपूर्ण स्पर्धेत सर्वांत भक्कम ओपनिंग कोणते, यावर जाणकारांत मतभेद नाहीत. दीपप्रज्वलन. मागोमाग शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. ब्लिट्झ या झटपट प्रकारात खेळाडूला अख्ख्या डावासाठी सहसा ३ मिनिटे आणि दर खेळीमागे २ सेकंद मिळतात. तेवढ्यात सूत्रसंचालकाची पाहुण्यांची पदेसुद्धा वाचून होत नाहीत.

मग पाहुणे पहिली खेळी करतात. राजापुढचे प्यादे दोन घरे सरकते, फोटो नीट आला नाही म्हणून मागे येते, पुन्हा सरकते. मोहऱ्याला हात लावला की तो हलवावाच लागतो, हा नियम समोर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी आहे.

परंपरा जागतिक आहे. २०१८ साली लंडनमध्ये कार्लसन-कारुआना जगज्जेतेपदाच्या लढतीच्या पहिल्या डावात अभिनेते वुडी हॅरेलसन यांनी खेळी करता करता कारुआनाचा राजाच आडवा केला. राजा आडवा, म्हणजे हार कबूल! तरीही खेळाडूंनी हट्टाने ११५ खेळ्या केल्या आणि डाव बरोबरीत सोडवला.

हा अपव्यय टाळता येईल. पहिल्याप्रमाणे उरलेल्या खेळ्याही मान्यवरांनीच कराव्यात. घोडा प्रायोजकांनी काढावा, किल्लेकोट माजी नगरसेवकांनी बांधावा, मात आमदारांच्या शुभहस्ते व्हावी. मुलांनी टाळ्या वाजवाव्यात. त्यांचा तो सराव पक्का आहे.

योजनेत अडचण एकच. काळे मोहरे घेऊन दुसरी खेळी करायला एकही माननीय तयार होणार नाही.