दोन आण्यांची जमीन

स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांनी "जमीन किती?" असं विचारलं, की माणदेशातला माणूस झटकन आकडा सांगतो. वीस एकर, पंचवीस एकर. पाहुण्याचा चेहरा उजळतो. पुढचा प्रश्न येतो, "कसली?" इथे मुलाचे वडील पानाला चुना लावायला घेतात आणि उत्तर मुलाच्या चुलत्यावर सोडतात. चुलते सांगतात, "तशी हलकीच हाय." शहाण्या पाहुण्याला तेवढं पुरतं. वीसातल्या अठरा एकरांवर फाळ टेकवला तर ठिणगी उडेल हे ओळखून तो विषय विहिरीवर नेतो. विहिरीचा विषयही फार वेळ चालत नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, आणि वर सरकत गेलं तर बारामतीची जिरायती बाजू, कर्जत, करमाळा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा सगळा पट्टा. महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओतून आलेला ढग इथवर पोचतो तेव्हा त्याच्याकडे द्यायला सावलीच उरलेली असते. वर्षाला ५०० मिलिमीटर पडला तर बरं साल म्हणायचं. त्या पावसाखाली हा माळ पसरलेला. वर चार बोटं, फार तर वीतभर तांबूस माती, तीही खड्यांत मिसळलेली. तिच्याखाली मुरूम. मुरमाखाली पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या खडक, आणि त्याच्याखाली काळा कातळ. तिथे पहार हात टेकते आणि सुरुंगवाल्याला निरोप जातो.

हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला आणि थरावर थर चढत गोठला. आता कोणीही विचारील, की साडेसहा कोटी वर्षांत मिळून वीतभरच माती? सरकारी कामालासुद्धा एवढा उशीर होत नाही. पण यात माळाचा आळस नाही. उन्हानं, पाण्यानं, मुळ्यांनी खडक फुटत राहिला, मुरूम झाला, मुरमाची माती झाली. झाली, पण राहिली नाही. वळवाचा पाऊस इथे कमी दिवस पडतो, पण पडतो तेव्हा चाबकासारखा पडतो, आणि माळाला उतार. मऊ, बारीक, कसदार जे काही तयार झालं ते ओघळीनं ओढ्यात आणि ओढ्यानं नदीकाठी नेलं. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातली पुरुषभर खोल काळी, जिच्या जिवावर मंगळवेढ्याची ज्वारी मिरवते, तीही याच काळ्या खडकाची. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावानं शिक्षण सोडून धाकट्याला साहेब करावं आणि धाकट्याच्या बंगल्यात थोरल्याची ओळख "आमच्या गावाकडचे" अशी व्हावी, तशातला हा प्रकार आहे.

थोरल्याची किंमत कागदावरही अशीच लागली. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमिनीची नव्यानं पाहणी सुरू केली. १८४७ मध्ये त्या पाहणीचे नियम पक्के झाले, आणि त्यांत जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या. पावणेदोन हात खोल उत्तम काळी असेल तर सोळा आणे. खोली घटेल, खडा वाढेल तसतसे आणे उतरत जायचे. चौदा, बारा, दहा, असं करत सर्वांत शेवटची प्रत दोन आण्यांवर. शिवाय चुनखडी निघाली, उतार निघाला, की आणखी वजाबाकी. साहेब न्यायी होते, त्यांचा हेतू सारा झेपेल एवढाच बसावा हा होता, आणि आधीच्या पाहणीनं केलेल्या गोंधळापुढे ही पद्धत सोन्यासारखीच म्हणायची. पण मोजायची ती एकच गोष्ट, या जमिनीतून किती पिकेल. सोळा आण्यांच्या त्या मापात माळाचे दोन आणे भरले, आणि दीडशे वर्षं उलटून गेली तरी आपल्या नजरेत तेवढेच आहेत.

खरं म्हणजे काळीचे सोळा आणे मिरगाच्या पहिल्या मोठ्या पावसात कळतात. पाऊस पडून गेल्यावर चार दिवस तिच्यात पाऊल टाकून पाहावं. चप्पल तिथेच राहते आणि आपण पुढे जातो. उन्हाळ्यात ती अशी भेगाळते की शेळीचा पाय अडकावा. मुरमाड माळाला हे नखरे नाहीत. पाऊस थांबला की तासाभरात चालू लागा, तळव्याला चिखल नाही. पाणी मुरतं, निघून जातं. हा निघून जाण्याचा गुणच डाळिंबाला आणि सीताफळाला मानवतो; मुळाशी पाणी साचलेलं या झाडांना खपत नाही. सांगोल्याची डाळिंबं आणि सासवडकडची सीताफळं परदेशी वाऱ्या करून आली ती याच दोन आण्यांच्या जोरावर.

आणि ते खडे. नव्यानं जमीन घेतलेला पुण्याचा माणूस पहिलं काम करतो ते दगड वेचण्याचं. ट्रॉल्या भरून बांधावर ढीग लावतो आणि फोटो काढतो. जुना शेतकरी बांधावर बसून हे बघतो आणि काही बोलत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलं नसतं. वरचे खडे पावसाचा टपोरा थेंब अंगावर घेतात म्हणून खालची माती उडत नाही, आणि ऊन अंगावर घेतात म्हणून खालची ओल लवकर उडत नाही. मोठे धोंडे काढावेत, त्याला कोणाचीच ना नाही. पण सगळी जमीन चाळणीतून काढल्यासारखी केली, तर पुढच्याच वळवात ती चाळलेली माती ओढ्याच्या वाटेला लागते.

माळावर पिकत काही नाही असं म्हणणाऱ्यानं भाद्रपद-आश्विनात तिथून धोतर किंवा मोजे घालून जावं. घरी येऊन तो कुसळं मोजत बसेल. कुसळीचं बी पुढून अणकुचीदार, मागे लांब शेपूट. शेपूट वाळलं की पिळवटतं, ओल लागली की उलगडतं, आणि या पिळण्या-उलगडण्यात बी स्वतःच जमिनीत घुसतं. पेरायला इथे कोणी येणार नाही हे त्यानं फार पूर्वी ओळखलेलं असावं. याच गवतावर मेंढरं पोसली गेली, आणि टणक काळ्या खुरांचं खिल्लार जनावर याच खड्यांवर चालून तयार झालं. टिटवी इथे घरटंही बांधत नाही. चार खडे सारून मधे अंडी घालते. खडा कुठला आणि अंडं कुठलं ते तिलाच ठाऊक. आपण पन्नास पावलांवर आलो की असा आरडाओरडा करते, जणू सातबाऱ्यावर पहिलं नाव तिचंच आहे.

माळढोकाचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तेही साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात, गावंच्या गावं पोटात घेऊन. पुढे ते आटवून बाराशेंवर आणलं. दरम्यान पक्षी दिसेनासाच झाला. त्याला हवा असतो नुसता उघडा, गवताळ, खडकाळ माळ. आणि उघडा माळ दिसला की आपले हात शिवशिवतात. कोणी जेसीबी लावून सपाट करतो, कोणी खड्डे घेऊन गिरिपुष्प लावतो आणि फलक ठोकतो. जिथे गवत हीच मूळ वस्ती, तिथे झाडं लावणं हे पुण्यकर्म कसं, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

तेव्हा दोन आणे, पडीक, पोटखराबा. पण हा झाला महसुलाच्या एका टेबलावरचा निकाल. त्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर गेलं, की हाच मुरूम 'गौण खनिज' होतो. तिथे त्याला बढती असते. शंभर घनफुटांचा एक ब्रास, ब्रासवर रॉयल्टी, वाहतुकीचा परवाना, आणि परवान्याशिवाय रात्री धावणाऱ्या डंपरच्या मागे तलाठी. एकाच सातबाऱ्यावरची जमीन, तिच्यात नांगर घातला तर कवडीमोल आणि पोकलेन घातला तर मोलाची. माळाच्या मालकाला हे कोडं सुटत नाही, पण दुसऱ्या टेबलाकडे त्याचा ओढा वाढलेला दिसतो, आणि दोष त्याला कसा द्यावा?

खोदलेला मुरूम रस्त्यावर पडतो. दरवर्षी उन्हाळ्यात पडतो, रोलर फिरतो, बिल निघतं. पावसाळा आला की तोच रस्ता थोडाथोडा कडेच्या चारीत उतरतो, चारीतून ओढ्यात आणि ओढ्यातून खालच्या कुणाच्या तरी काळ्या रानात, रॉयल्टी न भरता.