वाट पाहण्याचं बिल

‘या वर्षी तू नवीन काय केलंस?’ अप्रेझलच्या खोलीत हा प्रश्न ठरलेला असतो. माझ्या तिसऱ्या अप्रेझलला मी उत्तर दिलं, ‘बावीस मिनिटांची सहा केली.’

समोरच्याने फॉर्ममध्ये रकाना शोधला. नव्या फीचरसाठी रकाना होता, क्लायंटच्या कौतुकाच्या मेलसाठी होता, सर्टिफिकेशनसाठीही होता. चाळीस जणांची रोजची वाट कमी केली, हे लिहायला जागा नव्हती. शेवटी ‘इतर’पुढे अर्धी ओळ लिहिली गेली. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, कंपन्या बदलल्या, फॉर्म कागदावरून स्क्रीनवर आला. माझं काम अजून ‘इतर’मध्येच आहे. आज त्याबद्दल स्पष्ट बोलते.

आधी काम काय ते सांगते. प्रोग्रामर कोड लिहितो. तो कोड तुमच्या फोनवर किंवा बँकेच्या सर्व्हरवर चालण्याजोगा होईपर्यंत मध्ये बरंच घडतं. हजारो फाइली कंपाइल होतात, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरतात, एकमेकींना जोडल्या जातात, बाहेरच्या लायब्रऱ्या आणल्या जातात, टेस्ट चालतात, पॅकेज तयार होतं. या सगळ्याला मिळून बिल्ड म्हणतात. तो घडवणारी अवजारं बनवायची, दुरुस्त ठेवायची आणि त्यांचा वेग राखायचा, हे माझं काम.

पुण्यात, हिंजवडीपासून खराडीपर्यंत, या कामाचं क्रियापदसुद्धा वेगळं आहे. माणसाला प्रोजेक्टवर घेतात, क्लायंटकडे पाठवतात. बिल्डवर मात्र ‘टाकतात’. ‘त्या नव्या मुलीला बिल्डवर टाका.’ मला असंच टाकलं होतं. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि मागे एक लांबलचक शेल स्क्रिप्ट ठेवून गेला होता. तिची पहिलीच आज्ञा होती : आधीचं सगळं पुसून टाक. म्हणजे एका फाइलीतला एक शब्द बदलला तरी हजारो फाइली मुळापासून पुन्हा कंपाइल व्हायच्या. कारण सरळ होतं. त्या बिल्डवर कुणाचाच भरवसा नव्हता. जुनं काही शिल्लक राहिलं तर चुकीचं काहीतरी जोडलं जाईल, ही भीती. त्या भीतीची किंमत बावीस मिनिटं.

ही भीती जुनी आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन नावाच्या नामांकित प्रोग्रामरची एक अख्खी सकाळ वाया गेली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये तो चूक शोधत बसला होता. संतापून तो सहकारी स्टुअर्ट फेल्डमनकडे गेला. फेल्डमनच्याही आदल्या संध्याकाळचा काही भाग अशाच कारणाने खर्ची पडला होता. त्याने त्या शनिवार-रविवारात एक अवजार लिहिलं : मेक. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे एकदा लिहून द्यायचं. मग मेक फाइलींच्या वेळा पाहतो आणि जे बदललं तेवढंच पुन्हा बांधतो. आज जगात जेवढी बिल्डची अवजारं आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हाच विचार आहे.

त्याच मेकमध्ये आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच करावी लागते. तिथे साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. हे अडचणीचं आहे, हे फेल्डमनला काही आठवड्यांतच कळलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. त्या डझनभर माणसांसाठी केलेली तडजोड जगभरचे प्रोग्रामर जवळजवळ पन्नास वर्षं सोसत आले आहेत. म्हणून म्हणते, बिल्डमधला एक निर्णय लिहिणाऱ्याच्या नोकरीपेक्षा जास्त जगतो. असं काम सर्वांत अनुभवी माणसाला द्यायचं की हाताला लागेल त्याच्यावर टाकायचं? फेल्डमनला मेकसाठी २००३ साली एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. ज्यांना रकाना शोधायचा असतो त्यांना तो सापडतो.

आता माझी बावीस मिनिटं. चमत्कार काहीच नव्हता. प्रत्येक बिल्डचा क्रमांक एका सामाईक हेडर फाइलीत लिहिला जात असे आणि ती हेडर जवळपास प्रत्येक फाइल वापरत असे. क्रमांक बदलला की आमची स्क्रिप्ट चालवत असलेल्या मेकच्या लेखी सगळाच कोड बदललेला. तो क्रमांक मी एका वेगळ्या छोट्या फाइलीत हलवला. कोण कोणावर अवलंबून आहे याची यादी अर्धवट होती. ती खरी आणि पूर्ण केली, तेव्हा कुठे ‘सगळं पुसून टाक’ ही आज्ञा काढायची हिंमत झाली. मग सीकॅश बसवलं. हे अवजार फाइलीची वेळ बघून थांबत नाही, आतल्या मजकुराचा ठसा काढतं. तोच ठसा पूर्वी येऊन गेला असेल तर कंपाइल करण्याऐवजी साठवलेलं उत्तर देतं. चार महिने लागले. त्यातले तीन दुसऱ्यांचा कोड वाचण्यात गेले.

हिशेब करा. चाळीस जण, प्रत्येकाचे दिवसाला सहा बिल्ड, दर बिल्डमागे वाचलेली सोळा मिनिटं : ३,८४० मिनिटं, म्हणजे रोजचे ६४ तास. आठ माणसांचा पूर्ण दिवस. बिल्ड चालू असताना कोणी मेल वाचतो, कोणी दुसऱ्याचा कोड तपासतो, हे मान्य. निम्मं सोडून द्या. तरी रोज चार माणसं उरतात. आणि मिनिटांत न मावणारं नुकसान वेगळंच. बावीस मिनिटांनी परत आलेल्या माणसाला आपण काय तपासत होतो तेच आठवत नाही. बिल्ड लांबला की लोक छोटे बदल करणं सोडतात, चार दिवसांचं काम एकदम घुसवतात, शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड मोडतो आणि कोणाच्या बदलाने मोडला हे शोधण्यात रात्र जाते. घरी मुलं झोपून जातात.

मग इतकं ढळढळीत नुकसान कुणाला दिसत का नाही? कारण आपल्याकडचं बरंच काम तासांवर विकलं जातं. वाट पाहिलेल्या तासाचं बिल लागतं, वाचवलेल्या तासाचं लागत नाही. बिल्ड बावीस मिनिटांचा असो की सहाचा, क्लायंटकडे जाणाऱ्या कागदावर आठ तासच लिहिलेले असतात. अशा धंद्यात वेग आणणारा माणूस खर्चाच्या बाजूला बसतो. आळस कुणाचाच नसतो. पैशाची वाटच तशी आखलेली असते, आणि मला तिचाच राग आहे.

जिथे वाट पाहण्याचा वेळ मोजला गेला तिथलं चित्र पाहा. गूगलमध्ये क्रोम ब्राउझरवर काम करताना इव्हान मार्टिनला दिसलं, की सुमारे ३०,००० फाइलींच्या त्या प्रकल्पात एकच फाइल बदलली तरी बिल्ड सुरू व्हायलाच दहा सेकंद लागतात. त्याने निन्जा हे अवजार लिहिलं आणि ती सुरुवात एका सेकंदाच्या आत आणली. दहा सेकंदांसाठी एका माणसाने नवं अवजार लिहिलं. त्याच कंपनीने आपल्या अंतर्गत बिल्डसाठी ब्लेझ बनवलं आणि २०१५ साली त्याचं खुलं रूप, बेझल, सगळ्यांना दिलं. इंजिनिअरची वाट महाग पडते, हे तिथे कोणीतरी आकड्यात मांडलं होतं.

आणि आपल्या मॅनेजरांना बिल्डचं जे महत्त्व अजून पटत नाही, ते घुसखोरांना केव्हाच पटलं आहे. २०२० मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात हल्लेखोरांनी मूळ कोडच्या साठ्याला हात लावला नव्हता. बिल्ड चालू असताना त्यांनी एक फाइल बदलली आणि ते विषारी अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो उघडणारी ओळ बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये होती, तीही फक्त प्रकाशित पॅकेजमधल्या. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, म्हणून जगभरचे सर्व्हर वाचले. त्या लायब्ररीचा भार कित्येक वर्षं मुख्यत्वे एकाच थकलेल्या माणसावर होता, तोही बिनपगारी. कोड चोख ठेवायचा आणि तो बांधणारी जागा बेवारस सोडायची, याचा अर्थ घराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवायची.

तीन मागण्या आहेत. एक, प्रत्येक टीमने आपल्या बिल्डचा वेळ रिलीजच्या तारखेइतकाच ठळक लिहावा आणि दर महिन्याला पाहावा. दोन, बिल्डला नाव असलेला मालक हवा. तो अनुभवी असावा, आणि त्याला या कामासाठी ठरवून वेळ मिळावा. बाकीच्या कामातून उरलासुरला नव्हे. तीन, बढतीच्या नियमांत ‘इतरांचा वाचवलेला वेळ’ हा रकाना छापावा. क्लायंटशी करार करणाऱ्यांनी तो करारातही घालावा, म्हणजे वाचवलेल्या तासाचेही पैसे होतील.

आणि आज कुठेतरी बिल्डवर टाकल्या गेलेल्या मुलीला सांगते. बाई, मन लहान करू नकोस. तू बसलेली जागा टीममधल्या प्रत्येकाच्या वाटेवर आहे. सोमवारी सकाळी घड्याळ लावून बिल्ड मोज. त्याला टीममधल्या माणसांनी गुण, मग प्रत्येकाच्या दिवसातल्या बिल्डनी गुण. येईल तो आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि पुसू देऊ नकोस. तो कमी झाला की अप्रेझलला त्या फळ्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो घेऊन जा. रकाना नसेल तर फॉर्मवर तुझ्या हाताने आख. मी आखला नाही, ‘इतर’वर सही करून उठले. ती सही मला आजही सलते.