पालटकरी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या समाजजीवनाविषयी लिहिताना ऊसबागायतदार, दूधसंघाचे संचालक, माजी सैनिक आणि निवृत्त मुख्याध्यापक यांना पुरेशी जागा देण्याचा प्रघात असला, तरी या सर्वांतूनच थोडी थोडी भरती होऊन गेल्या वीसएक वर्षांत जो एक नवा वर्ग तयार झाला आहे, त्याची दखल अद्याप कोणी घेतलेली दिसत नाही. आपल्या संगणकातील विंडोज काढून तेथे लिनक्स बसवलेल्या, आणि ते बसवल्याचा इतरांना क्षणभरही विसर पडू न देणाऱ्या गृहस्थांचा हा वर्ग असून सोयीसाठी त्यातील व्यक्तीस येथे ‘पालटकरी’ म्हटले आहे.

संगणकाचा पडदा, कळफलक, प्रिंटर आणि त्यावर चालणारी निरनिराळी कामे यांच्यात मेळ घालणारी जी पायाभूत व्यवस्था असते, तिला कार्यप्रणाली किंवा बोलीत ‘ओएस’ म्हणतात. ती नीट चालत असेल तर ती आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि पालटकऱ्याला नेमके हेच खुपत असते. हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि त्यावर उभारलेली उबुंटू ही फुकट वापरता व वाटता येणारी प्रणाली २००४ पासून निघू लागली. तिच्या सीडी मागणी करणाऱ्याला परदेशातून विनामूल्य टपालाने येत असत. ही सोय २०११ साली बंद झाली, परंतु त्यापूर्वी साताऱ्याच्या सदर बझारात वा सांगलीच्या विश्रामबागेत ज्याच्या दारी असे पाकीट आले, त्याची गल्लीतील पत एकदम वाढली, कारण आत काय आहे हे पोस्टमनला कळले नसले तरी तिकीट बाहेरदेशीचे आहे एवढे त्याला निश्चित दिसले होते.

निव्वळ विचारांती लिनक्सकडे वळलेला पालटकरी मात्र विरळा. बहुतेकांना आपत्तीने वळवले आहे. एक्सपी या विंडोजच्या लोकप्रिय आवृत्तीला सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले तेव्हा एक तुकडी आली, आणि विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली तेव्हा दुसरी. कारण विंडोज ११ ला ‘टीपीएम’ नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तर येथील घरोघरीचे असेंबल्ड पीसी मुलाच्या बारावीच्या वर्षी घेतलेले असतात आणि तो मुलगा आता हिंजवडीत नोकरी करीत असतो. सांगलीत याशिवाय कृष्णेचाही हातभार लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले, बाजारपेठेतील तळमजले बुडाले, हार्ड डिस्कमध्ये गाळ शिरला, आणि नाहीतरी सगळे नव्याने टाकायचेच आहे तर हेही करून पाहावे, अशा मनःस्थितीत अनेकांचा पालट झाला. पुढे दोनच वर्षांत पालटकरी हे साफ विसरतो आणि आपण हा निर्णय स्वातंत्र्याच्या तत्त्वासाठी घेतल्याचे सांगू लागतो.

या तत्त्वाची आर्थिक बाजू विशेष मननीय आहे. दुकानातल्या पोराकडून दरवर्षी ‘फॉरमॅट मारून’ घेतलेली, म्हणजे जुने सर्व पुसून नव्याने टाकलेली विंडोज त्याने दहा-बारा वर्षे विनापरवाना आणि अर्थात फुकटच वापरलेली असते. तरीही लिनक्स फुकट मिळाल्याने आपले किती हजार वाचले, याचा आकडा तो दर भेटीत सांगतो, आणि हा आकडा दर भेटीत वाढत जातो. नव्याने माळ घातलेला माणूस जसा लग्नाच्या पंगतीत बसल्याबसल्या आमटीत कांदा-लसूण आहे का याची चौकशी करतो, तसा पालटकरी कोणाच्याही घरी चहाला गेला की आधी संगणकाकडे पाहतो आणि ‘अजून विंडोजच का?’ असे अत्यंत हळुवारपणे विचारतो. यजमानाचा संगणक त्या वेळी सुरळीत चालत असेल तर त्याला मनापासून वाईट वाटते.

साताऱ्याच्या शाखेत माजी सैनिकांचे प्रमाण नजरेत भरते, आणि जिल्ह्याची लष्करी परंपरा पाहता त्यात नवल नाही. टर्मिनल, म्हणजे माउसऐवजी लिहिलेल्या हुकमांनी संगणक चालवण्याची काळी खिडकी, ही निवृत्त सुभेदाराला पहिल्याच दिवशी आपलीशी वाटते. त्यातही ‘सुडो’ हा शब्द आधी लिहून परवलीचा शब्द दिला की पुढचा हुकूम सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने पाळला जातो, हे त्याला फार समाधान देते, कारण घरात तशी सोय उरलेली नसते. सौभाग्यवती काळ्या पडद्याकडे पाहून ‘बिघडलं का वो?’ एवढेच विचारतात. संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली आणत असल्याच्या बातम्या ऑगस्ट २०२३ मध्ये आल्या, तेव्हापासून तर पोवई नाक्यावरच्या सकाळच्या बैठकीत या विषयावर त्याच्याशी वाद घालण्याचे धाडस कोणी केलेले नाही.

पालटकऱ्याची खरी कसोटी लागते ती मात्र मराठी अक्षरांपाशी, आणि तीही सहकारी पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाच्या वेळी. छापखान्यातील जुन्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की अगम्य रोमन अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोडमध्ये याउलट प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरलेला असल्याने मजकूर कोठेही तसाच दिसतो. पालटकरी हे सर्व पतसंस्थेच्या सचिवाला तासभर समजावतो, लिनक्सवर युनिकोडमध्ये छत्तीस पानी अहवाल स्वतः टंकित करतो (श आणि ल ही अक्षरे हिंदी वळणाची उमटतात, याकडे तो तत्त्वासाठी काणाडोळा करतो) आणि पेनड्राइव्ह खिशात घालून छापखान्यात जातो. तेथील डीटीपी ऑपरेटर गेली पंचवीस वर्षे पेजमेकरवर पानांची मांडणी करीत आलेला असतो, आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरीचा गंधही नसतो. तो मजकूर तेथे चिकटवतो, पडद्याकडे पाहतो आणि शांतपणे म्हणतो, ‘सर, समदी प्रश्नचिन्हंच आल्यात.’ अध्यक्षांच्या मनोगतापासून थकबाकीच्या तक्त्यापर्यंत छत्तीस पाने प्रश्नचिन्हांनी भरलेला अहवाल सभासदांना कदाचित प्रथमच पूर्णतः पटला असता. पण सचिव तो छापू देत नाहीत.

मग रूपांतरक शोधला जातो, म्हणजे युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टच्या सांकेतिक मांडणीत बदलणारी छोटी आज्ञावली. तिने नव्वद टक्के काम चोख होते, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत कऱ्हाड येते. या गावाच्या नावात र चा आडवा, चंद्रकोरीसारखा आकार लागतो; तो उमटवण्यासाठी युनिकोडमध्ये साधा र नव्हे तर नुक्ता असलेला ऱ वापरावा लागतो, एरवी ह च्या डोक्यावर रफार चढून बसतो. रूपांतरकाला हा भेद ठाऊक नसतो. परिणामी कऱ्हाड शाखेच्या ठेवी, कऱ्हाड शाखेची थकबाकी आणि कऱ्हाड शाखेच्या व्यवस्थापकांचे अभिनंदन हे सर्व एका अस्तित्वात नसलेल्या गावाच्या नावे छापले जाते. वार्षिक सभेत कऱ्हाडकर सभासद उठून उभे राहतात, आणि नफावाटणीचा विषय निघण्याआधीच सभा तापते. हे र आणि ह चे गणित पालटकरी ध्वनिक्षेपकावरून समजावून सांगू लागतो तेव्हा चहा सांगितला जातो.

इतके होऊनही तो मागे फिरत नाही. फिरतो, तर अर्धाच. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवण्याला ‘ड्युअल बूट’ म्हणतात, आणि अनुभवी पालटकऱ्याच्या हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात विंडोज हमखास सापडते. ती ‘फक्त टॅलीपुरती’ असते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या वा बेदाण्याच्या अडतीवर ज्याच्या घराण्याचे हिशेब चालतात, त्याला टॅली सोडवत नाही, आणि हिशेबाची ही आज्ञावली विंडोजसाठीच बनवलेली आहे. लिनक्सवर ती ‘वाइन’ या मध्यस्थाकरवी चालवून दाखवण्याचे प्रयोग तो दिवाळीच्या सुट्टीत करतो, परंतु महिन्याची वीस तारीख, म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्राची सर्वसाधारण मुदत, जवळ आली की प्रयोग थांबतात.

संगणक सुरू होताना कोणती प्रणाली हवी हे विचारणारी यादी पडद्यावर साधारण दहा सेकंद थांबते आणि कोणी कळ दाबली नाही तर पहिल्या नावाची प्रणाली आपोआप उघडते. हे पहिले नाव अर्थातच लिनक्सचे असते, त्यामुळे अडतीवरचे वृद्ध दिवाणजी पाणी प्यायला उठले की परत येईतो दार बंद झालेले असायचे आणि सगळे पुन्हा सुरू करावे लागायचे. अलीकडे मात्र यादीत विंडोज पहिल्या ओळीत आली आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मुलाला दिवाणजींनी पाव किलो भडंग कशाबद्दल दिले, याची वाच्यता झालेली नाही. हा फरक मागच्या अपडेटमुळे पडला असावा असे पालटकऱ्याचे निदान असून ते तो ग्राहकांना तपशीलवार समजावून सांगतो, आणि दिवाणजी मान हलवतात.