गंजलेल्या बोल्टाशी वाटाघाटी

जुनी जीप घेणारा माणूस इंजिन ऐकतो, हॉर्न वाजवतो, टायरला लाथ मारतो आणि पैसे मोजतो. गाडीखाली मात्र तो वाकत नाही. कोकणातले पावसाळे खाल्लेल्या त्या पोटाखाली बॉडी आणि चासी यांना धरून ठेवणारे बोल्ट केव्हाच चासीचे अवयव झालेले असतात. त्यांना विलग करण्यासाठी साम, दाम, दंड, भेद हेच मार्ग. उतावळा साधक दंडापासून सुरुवात करतो आणि बोल्टाचं मुंडकं हातात घेऊन घरी येतो.

आधी शत्रूची ओळख. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आट्यांच्या फटीत ती नसतेच, म्हणून तो तिथेच फुगून पाचर मारतो. खाऱ्या हवेत हे काम विशेष निष्ठेनं चालतं.

साम म्हणजे तेल. मात्र चिखलाच्या थरावर ओतलेलं तेल चिखलालाच लागतं, तेव्हा आधी तारेच्या ब्रशनं बाहेर डोकावणारे आटे उघडे करावेत. मग पेनिट्रेटिंग ऑइल. ते नसेल तर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि अ‍ॅसिटोन समभाग. हे मिश्रण झटकन पेटतं, म्हणून सल्ला द्यायला आलेल्या मंडळींना बिडीसकट अंगणाबाहेर बसवावं. घासलेटावर श्रद्धा असल्यास ती जरूर ठेवावी. सोबत सवडही ठेवावी. रात्रभर मुरू द्यावं, सकाळी हातोडीनं डोक्यावर टकटक करावं, पुन्हा तेल घालावं. या ठोक्यांनी गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. ‘आज काय केलंत?’ असं घरातून विचारलं गेल्यास ‘तेल घातलं’ हे उत्तर सलग काही दिवस देण्याचं धैर्य हवं. बहुतेकांची साधना इथेच भंगते.

दाम म्हणजे पाने. 1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, तेव्हा इंचांचे बोल्ट या घराण्यात आले; पुढे प्यूजोच्या डिझेल इंजिनाबरोबर मिलिमीटरही नांदायला आले. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो, आणि त्या 0.3 मिलिमीटरच्या मोकळीकीत बोल्टाचे सहाही कोपरे गोल होतात. पाऊण इंचावर मात्र 19 चा खुशाल चालतो. बारा कोनांच्या रिंगपेक्षा सहा कोनांचा सॉकेट घ्यावा. शेजाऱ्याकडून आणलेला स्क्रू-पाना शेजाऱ्याला परत करावा.

आता दंड. पान्याला पाइप जोडला की कोणालाही आपण पैलवान असल्याचा भास होतो. आधी किंचित घट्ट करावं, मग सैल. थोडं पुढे, थोडं मागे, मध्ये तेल. ‘कर्र’ असा आवाज आला तर शुभशकुन. पण आवाज न होता पाना लोण्यासारखा मऊ फिरू लागला, तर लगेच पेढे मागवू नयेत. बोल्ट सुटत नाहीये, पिळवटतोय. तिथेच थांबावं.

भेद हा या शास्त्राचा कळस. गॅसची ज्योत फक्त नटावर धरावी. नट तापून फुगतो, आतला बोल्ट अजून गार असतो, आणि जन्मभराच्या मैत्रीत फट पडते. तापलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मात्र जुन्या सीजे जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती आणि बॉडीखालचे रबर न काढता भेदनीती वापरली, तर बोल्टासकट सगळेच प्रश्न मिटतात.

पाट्यांच्या यू-बोल्टांवर यातलं काहीही वाया घालवू नये. ते एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नसतात. चष्मा लावून सरळ ग्राइंडर चालवावा.

चाकांबद्दल सांगायचं राहिलंच. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर बहुधा ‘एल’ कोरलेलं सापडेल. आपण सकाळपासून त्यांच्यावर पाइप लावून बसला असाल, तर अभिनंदन. इतके घट्ट ते कारखान्यातही आवळले गेले नव्हते.